'लाईफ इन अ नॉर्दर्न टाऊन': निक ड्रेकला आदरांजली की त्याच्या नावावर हिट?

रात्रपाळी:
काल रात्री परत एकदा हे गाणं ऐकलं आणि परत तेच खटकलं म्हणून लिहितोय. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, द ड्रीम अकॅडमी या इंग्लिश बँडचं हे पहिलंच सिंगल, १९८५ चं. गायलाय निक लेअर्ड-क्लोज, प्रोड्यूसर म्हणून त्याच्यासोबत पिंक फ्लॉइड बँडचा डेव्हिड गिल्मर, आणि गाणं अर्पण केलंय निक ड्रेकला. ड्रेक म्हणजे तो फोक गायक जो १९७४ मध्ये २६ व्या वर्षी डिप्रेशनच्या औषधाच्या जास्त डोसने गेला. हयातीत तीन अल्बम, एकाच्याही पाच हजार कॉपी खपल्या नाहीत. आणि त्याला वाहिलेलं गाणं अमेरिकेत ७ व्या नंबरवर, ब्रिटनमध्ये १५ व्या! जो माणूस १९७० मध्ये एका कॉलेजातल्या कार्यक्रमात चालू गाणं मध्येच सोडून स्टेजवरून निघून गेला, त्याच्या आठवणीत सगळ्यांनी गळा मोकळा सोडून गायचा असा कोरस? मला हे बोचतं.

सहा_तारा:
नाव घेतलंय कुठे पण? अख्ख्या गाण्यात ड्रेकचं नाव नाही, गोळ्या नाहीत, डिप्रेशन हा शब्दसुद्धा नाही. १९६३ चा कडाक्याचा हिवाळा आहे, केनेडी आहे, बीटल्स आहेत, ट्रेनने गाव सोडून निघालेला माणूस आहे. अर्पण केलं म्हणजे चरित्र लिहिलं असं नव्हे ना. उलट बिचारा, एकटा, कुणी समजून घेतलं नाही असं रडगाणं केलं असतं तर तुमच्या बाजूने सगळ्यात आधी मी बोललो असतो.

रात्रपाळी:
मग अर्पण तरी कशाला करायचं? १९६३ मध्ये ड्रेक १५ वर्षांचा होता, मार्लबरोला बोर्डिंग स्कूलमध्ये, म्हणजे पार दक्षिणेला. गाण्यातलं गाव त्याचं नाही, गोष्ट त्याची नाही, फक्त त्याच्या अकाली जाण्याचं वलय तेवढं गाण्याला चिकटलं. मी म्हणतोय ते हेच.

मिडलँड्सकर:
मी बर्मिंगहॅमला राहतो, ड्रेकचं गाव टॅनवर्थ-इन-आर्डन इथून जवळच आहे, मागच्या ऑक्टोबरला जाऊन आलो. नॉर्दर्न टाऊन वगैरे काही नाही, वॉरिकशायरमधलं हिरवंगार खेडं आहे. चर्चच्या आवारात ओकच्या झाडाखाली त्याच्या कबरीचा छोटासा दगड, लोकांनी त्याच्या कडेला गिटारच्या पिका (तारा छेडायच्या चकत्या) ठेवलेल्या, पावसात भिजून मातीत रुतलेल्या. दगडाला वळसा घालून मागे गेलात तर त्याच्याच शेवटच्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याची ओळ कोरलेली आहे. ओळ उठून उभं राहण्याची आहे, मरणाची नाही. मला तिथे उभं राहून या गाण्याचा कोरसच आठवला, खरंच सांगतो, आणि अजिबात विजोड वाटला नाही.
जाता जाता, त्याचा जन्म रंगूनचा आणि वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते. म्हणजे आपल्या मुंबईच्या कंपनीत! बहीण गॅब्रिएल तर लाहोरला जन्मलेली.

खर्जातला_सा:
मला या दोन्ही बाजूंचा त्रास होतोय. ड्रेक म्हटलं की आधी दुःखी माणूस, मग कधीतरी गिटार. अरे त्याचा हात बघा की! त्याच्या शेवटच्या अल्बममधल्या 'पिंक मून' या गाण्याचं ट्युनिंग एकदा लावून बघा, जाड तारेकडून सी जी सी एफ सी ई, वर दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या गळ्यावरची धातूची पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. सगळ्यात जाड तार ई वरून थेट सी वर उतरवावी लागते, इतकी ढिली पडते की जरा जोरात छेडली की फ्रेटवर खरखरते. मी महिनाभर घासलं तेव्हा कळलं की अंगठा किती हलका आणि किती नेमका पडायला हवा, आणि त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ती तार एकदाही घसरत नाही. तो अख्खा अल्बम १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये दोन रात्रींत झाला, समोर फक्त इंजिनिअर जॉन वूड, गिटार आणि आवाज, वरून पियानोचे चार सूर, संपला. आजारपण होतंच, कोण नाही म्हणतंय, पण बोटं अशी आजारपणाने पडत नाहीत, रियाजाने पडतात. त्याच्यावर गाणं करायचं तर या हाताबद्दल करा.

सहा_तारा:
खर्जातला_सा, शंभर टक्के. पण हाताबद्दलचं गाणं लोकांनी ऐकलं असतं का? या गाण्यामुळे किती जणांना ड्रेक कळला ते बघा.

कोकणकडा:
हे मात्र पटत नाही. त्याच्या तिन्ही अल्बमचा 'फ्रूट ट्री' हा बॉक्स सेट १९७९ लाच आला होता, या गाण्याच्या सहा वर्षं आधी. ड्रेकचा प्रोड्यूसर जो बॉयड याने आपली कंपनी विकताना अटच घातली होती की ड्रेकचे अल्बम बाजारातून कधी काढायचे नाहीत. दुकानात ते टिकले ते त्या अटीमुळे. आणि मोठी गर्दी आली ती १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत 'पिंक मून' वाजल्यावर. रात्रपाळी, तुम्हाला राग काढायचाच असेल तर तिथे काढा, तिथे त्याचा स्वतःचा आवाज गाडी विकायला लावला. इथे एका पोराने आपल्या बँडच्या पहिल्या गाण्यावर आवडत्या माणसाचं नाव लिहिलं, एवढंच.

रात्रपाळी:
जाहिरातीचं म्हणाल तर तिथे निदान ड्रेक स्वतः गातोय, ऐकणारा सरळ त्याच्यापर्यंत पोचतो. इथे दुसऱ्याचाच आवाज मध्ये उभा राहतो. कोरसबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. पण मिडलँड्सकर, दगडामागच्या ओळीचं मला माहीत नव्हतं, ते वाचून जरा थांबलो. आणि खर्जातला_सा, ती सी पर्यंत उतरवायला जाड गेजची तार लावता का साधीच? माझ्याकडे साध्या सेटवर नुसती लोंबतेय.