उ: जुन्या विलीस जीपसाठी सेकंडहॅण्ड ट्रान्सफर केस

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी; जुन्या जीपसाठी तिची डेना १८ आणि डेना २० ही दोन मॉडेलं विचारात येतात. 'मालकाने फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) कधी टाकलंच नाही, म्हणजे केस नव्यासारखी' हे मत २० बाबत एक वेळ चालेल, १८ ला मुळीच नाही. १८ चा मागचा आउटपुट (मागच्या चाकांकडे जोर जिथून बाहेर पडतो ती जागा) उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे साध्या टू-व्हील हायमध्येसुद्धा (फक्त मागच्या चाकांना जोर, नेहमीचा वेग) सगळा जोर मधल्या गिअरमधूनच जातो. म्हणजे गाडी फक्त डांबरी रस्त्यावर पळाली असली तरी तो गिअर, त्याचा शाफ्ट आणि निडल बेअरिंग (बारीक सळ्यांची बेअरिंग) झिजतच असतात. तेव्हा बाहेरच्या रंगावर जाऊ नका. खालचं झाकण उघडायला लावा आणि मधला गिअर हाताने हलवून बघा. आम्ही एकदा असं झाकण उघडलं, तर गिअर हातात डुगडुगत होता आणि शाफ्टवर निडलचे वण नखाला लागत होते. केस बाहेरून चकाचक होती! शाफ्टची जाडीही मोजा. युद्धकाळातल्या गाड्यांत तो पाऊण इंची असे, पुढे सव्वा इंचापर्यंत जाड झाला. निवड हातात असेल तर जाडच घ्या.

१८ ऐवजी २० बसवली तर आवाज कमी होतो हे खरं, कारण हायमध्ये तिचा जोर सरळ जातो. पण तिचा आउटपुट मध्यभागी असतो. १८ वाल्या जीपचं मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटणारे गिअर) उजवीकडे असल्याने २० बसवायची तर मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागेल. शिवाय युद्धानंतरच्या गाड्यांत लो (हळू पण जास्त जोराने चढण्यासाठीचा गिअर) २.४६ पटीवरून २.०३ पटीवर येतो. घाटातल्या दगडगोट्यांच्या चढणीला हा फरक चांगलाच जाणवतो.