उसापासून साखरेपर्यंत: पट्ट्यांच्या चित्रात वजनाची बेरीज का जुळत नाही?

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. साखर कशी तयार होते, या प्रकल्पासाठी आठवीच्या मुलांनी ऊस, रस, पाक आणि साखर अशी चार चित्रे काढली व ती एकसारख्या बाणांनी जोडली. तक्ता देखणा झाला; परंतु जिच्या घरचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो अशा एका मुलीने विचारले की, एक टन उसापासून पन्नास किलोची जेमतेम दोन पोती साखर मिळत असेल, तर बाकीचे वजन जाते कुठे? त्या बाणांत याचे उत्तर नव्हते. म्हणून वजनाच्या प्रमाणात रुंदी असलेल्या पट्ट्यांचे चित्र आम्ही काढायला घेतले आहे. मात्र साखर, बगॅस (रस पिळून उरलेले चिपाड) आणि मळी (साखर काढून उरलेला काळा पाक) यांची बेरीज टनाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. आमचे काय राहून गेले आहे?

गव्हाण

पाणी राहून गेले आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे ढोबळ आकडे देतो. गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस जिथे टाकतात तिथे, पडणाऱ्या १,००० किलो उसात सुमारे ७०० किलो पाणीच असते. शिवाय चिपाडात राहिलेली साखर धुऊन काढण्यासाठी रस पिळणाऱ्या शेवटच्या मिलच्या आधी गरम पाणी शिंपडतात; ते २८० किलो धरा. म्हणजे चित्राच्या डाव्या बाजूला १,००० नव्हे, तर १,२८० किलो हवेत. उजव्या बाजूला बगॅस २८०, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) ४०, मळी ४५ आणि साखर ११० असे ४७५ किलो होतात. उरलेले ८०५ किलो म्हणजे उकळून गेलेली वाफ, आणि चित्रातील सर्वांत रुंद पट्टा तिचाच असायला हवा.

ती वाफ दोन ठिकाणी निघते. सुमारे ९६० किलो स्वच्छ रसाचा बाष्पीभवन पात्रांत आटून २४० किलो पाक होतो. उरलेले पाणी तो पाक पॅनमध्ये आटवून साखरेचा दाणा धरताना जाते. एका पात्रातून निघालेल्या वाफेवर पुढच्या पात्रातील रस उकळतो, ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात अमेरिकेत लुईझियानातील साखर कारखान्यांसाठी सिद्ध केली. बगॅसचा पट्टाही चित्राबाहेर सोडून देऊ नका. त्यात निम्मे पाणी असूनही तोच बॉयलरमध्ये जळतो आणि रस आटवण्याची उष्णता पुरवतो, म्हणून तो वळवून पुन्हा आत आणा.

एक सूचना अवश्य पाळा. चित्राखाली हंगामाचा महिना लिहा, कारण नोव्हेंबरमधील उतारा (उसापासून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) आणि फेब्रुवारीतील उतारा सारखा नसतो. बी-हेवी मळी, म्हणजे जिच्यातली साखर पूर्ण काढून घेतलेली नाही अशी मळी, इथेनॉलकडे वळवली जात असेल, तर साखरेचा पट्टा अरुंद होऊन मळीचा रुंद होतो.

रेघ_आणि_रंग

मी मुद्रित माध्यमांसाठी आलेख काढते. ज्या प्रकारचे चित्र तुम्ही काढत आहात त्याला सँकी आकृती म्हणतात. १८९८ मध्ये सँकी या अभियंत्याने वाफेच्या इंजिनातील उष्णता कुठे खर्ची पडते, हे तशाच पट्ट्यांनी दाखवले होते. त्याच्याही आधी फ्रान्सच्या मिनार यांनी युरोपात येणाऱ्या कापसाचे नकाशे काढले. त्यांत १८५८ साली अमेरिकेकडून येणारा जाडजूड पट्टा तिथल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६४ पर्यंत, अगदी बारीक होतो आणि हिंदुस्थानातून जाणारा फुगतो. मुंबईच्या कापूस बाजारातील त्या वर्षांची तेजी एवढ्या थोड्या शाईत इतकी स्पष्ट दाखवणारे दुसरे चित्र मला ठाऊक नाही.

तुमच्या तक्त्यासाठी १०० किलोला एक सेंटिमीटर हे प्रमाण घ्या आणि ते शेवटपर्यंत बदलू नका. किलोंच्या चित्रात रुपये मिसळू नका. ऊसतोड मजुरांचे श्रमही किलोंत मावत नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यांतून निघून कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांचा वेगळा नकाशा शेजारी लावा. माझ्या मते त्याच्याविना साखरेचे चित्र अपुरे आहे.

खडूफळा

दोघांचेही मनापासून आभार. आज वर्गात पट्टी घेऊन पुन्हा मोजले. डावीकडे १२.८ सेंटिमीटर, उजवीकडे तितकेच. वाफेचा आठ सेंटिमीटरांचा निळा पट्टा त्याच मुलीने रंगवला, आणि कारखान्यावरून दिसणारे पांढरे ढग म्हणजे हेच पाणी का, असे विचारले.

गव्हाण

ढगातले पुष्कळसे पाणी तेच. मात्र बहुतेक वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात आणि त्यातले काही बॉयलरला व मिलवर शिंपडण्यासाठी वापरतात. म्हणून निळ्या पट्ट्यातून २८० किलोंची एक फांदी फोडून डावीकडे परत न्या.