केबल बंद करायचं म्हणतेय, पण सासूबाईंच्या सिरीयलींचं काय करू?

खर्चवही (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी, प्रश्न तसा छोटा आहे पण घरात त्यावरून दोनदा वाजलंय म्हणून इथे टाकतेय. आम्ही पाच माणसं, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत आणि दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद आहे, त्यामुळे मी एक दिवस सगळी बिलं घेऊन जमिनीवर पसरून बसले. केबल ४२०, वायफाय ३९९ चं पण जीएसटी धरून ४७१, तीन मोबाइलचे रिचार्ज, शिवाय मिस्टरांनी मॅचसाठी घेतलेलं एक ॲप. दूध किराणा लाइटबिल तर कमी होण्यातलं नाहीच. मग नजर गेली केबलवर, कारण ४२० म्हणजे वर्षाचे ५०४० होतात आणि मुलं टीव्ही बघतच नाहीत, त्यांचं सगळं मोबाइलवर.

अडचण सासूबाईंची. संध्याकाळी सातला देवाजवळ दिवा लावला की ज्या बसतात त्या दहाला उठतात. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड आणि पाठीमागे कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने लावलेला, त्यावर चार चॅनलचे नंबर लिहिलेत, एवढाच त्यांचा टीव्ही. मी "आई, केबल बंद करू का, वायफायवर दिसतं सगळं" म्हटलं तर दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या माझ्या औषधात काटछाट कर पण हे राहू दे. आता सांगा. कुणी बंद केलंय का, म्हाताऱ्या माणसांना ॲप जमतं का, आणि खरंच पैसे वाचतात का?

---

मखमलाबादचा_पाटील

बंद करून टाका ताई, काय ठेवलंय त्या केबलमध्ये. आम्ही दोन वर्षं झाली काढून, कुणाला आठवणसुद्धा येत नाही.

---

लेकबाई (उत्तर: मखमलाबादचा_पाटील)

दादा तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी आहे का? नसेल तर आठवण येणार कुणाला.

खर्चवही ताई, मी हे करून बसलेय म्हणून सांगते. बाबा नाशिकरोडला एकटे राहतात, मागच्या वर्षी मी मोठ्या हौसेने त्यांचं केबल बंद केलं आणि स्मार्ट टीव्ही लावून दिला. तेव्हा हे लक्षातच आलं नाही की स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर आणि सोनी मराठी सोनीलिव्हवर, म्हणजे केबलच्या रिमोटवर जे चार नंबर होते त्यांच्यासाठी तीन वेगळी ॲप. प्रत्येकाचं वर्गणीचं वेगळं, प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, आणि ओटीपी यायचा माझ्या मोबाइलवर. मी पुण्यात मीटिंगमध्ये आणि बाबा फोनवर, "अगं तो सहा आकडी नंबर मागतोय."

दुसरं म्हणजे बाबांना सिरीयल "लावायची" नसते हो, ती "लागलेली" असायला लागते. टीव्ही चालू केला की समोर कुणीतरी बोलत असलं पाहिजे. ॲप उघडलं की पन्नास चौकोन येतात आणि त्यातला एक निवडायचा, ते बाणाचं बटण दाबून दाबून भलतीकडेच जायचे आणि मग टीव्ही बंद करून खिडकीत बसायचे. पावसात वायफाय गेलं की तेही नाही. तीन महिन्यांनी केबल परत लावलं. त्यांनी केबलवाल्या पोराला चहा पाजला तेव्हा मला फोन करून सांगितलं की आज पोरगा येऊन गेला, मला तर वाटलं कुणी नातेवाईकच आले.

---

गच्चीवरची_छत्री (पंचवटी)

फ्री डिशचा विचार केलाय का? दूरदर्शनची डीडी फ्री डिश, २००४ पासून आहे, महिन्याला एक रुपया नाही, एकदाच बॉक्स आणि छत्रीचा खर्च, दोन हजारांच्या आसपास धरा. एमजी रोडला किंवा शालिमारला विचारा, बसवून पण देतात. नव्या टीव्हीत आत सॅटेलाइट ट्यूनर असला तर बॉक्सही लागत नाही, नुसती छत्री आणि वायर पुरते. बॉक्स घेतलाच तर एमपेग ४ वाला (चित्र पाठवायची नवी पद्धत) घ्या, जुना एमपेग २ वाला स्वस्तात गळ्यात मारतात आणि मग काही चॅनल येत नाहीत.

मी स्वतः बसवली म्हणून अनुभव सांगतो. उपग्रह जीसॅट १५, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे नाशिकहून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि चांगलंच वर आभाळाकडे लागतं. त्या बाजूला शेजारची टॉवर बिल्डिंग किंवा आंब्याचं झाड असेल तर नाद सोडा. मी गच्चीवर पान्हा घेऊन, बायको खाली टीव्हीसमोर, फोन चालू. "आलं!" "सिग्नल किती?" "साठ... गेलं." "आता?" "काहीच नाही." पाऊण तास हेच. शेवटी नट आवळताना छत्री बोटभर हलली आणि खालून बायको ओरडली, "अहो हात लावू नका आता कशालाच!" तेव्हापासून कुणीच लावला नाही.

पण खरं सांगायचं तर तुमच्या सासूबाईंसाठी ही गोष्ट अर्धवटच आहे. सह्याद्री येतं, बातम्या येतात, जुने सिनेमे येतात, पण प्रवाह-झी सारखी पे चॅनल त्यावर नाहीत. मिस्टरांना मात्र एक फायदा आहे, भारताच्या वनडे आणि टी२० डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतात, २००७ च्या कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीला तो फीड, म्हणजे मॅचचं थेट चित्रण, प्रसार भारतीला (दूरदर्शनची मालक संस्था) द्यावाच लागतो. आयपीएल त्यात नाही.

---

मिसळप्रेमी

मग केबलवर पण डीडी स्पोर्ट्स लागतंच की, वेगळी छत्री कशाला? आणि आमच्या वाड्यावर जुना अँटेना आहे, तोच जोडला तर?

---

गच्चीवरची_छत्री

नाही भो. केबलवर डीडी स्पोर्ट्स दिसेल पण मॅच चालू झाली की तिथे दुसरंच काहीतरी दाखवतात. २०१७ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की तो फीड दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रसारणाला आणि फ्री डिशलाच वापरता येईल, खाजगी केबलला आणि डीटीएचला नाही. आणि तो माशाच्या काट्यासारखा अँटेना आता कावळे बसायलाच, दूरदर्शनने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केलेत.

---

आकडेमोड

सगळे "बंद करा" नाहीतर "ठेवा" एवढंच म्हणताय, मधला रस्ता कुणीच सांगत नाहीये. ताई, ४२० मध्ये तुम्हाला नक्की काय काय मिळतं ते बघितलंय का कधी? मी पैज लावतो त्यात चार भाषांचे सिनेमे, तीन कार्टून आणि दोनेक स्पोर्ट्स आहेत जे घरात कुणी उघडलेले पण नाहीत. त्याला बुके म्हणतात आणि ऑपरेटर विचारत नाही, लावून मोकळा होतो.

ट्राय म्हणजे टीव्ही-फोनचे नियम ठरवणारी सरकारी संस्था, तिचा नियम २०१९ ला लागू झाला की चॅनल सुटा सुटा घेता येतो आणि प्रत्येकाची किंमत जाहीर करायची. त्याच्या खाली एक ठरलेला आकार असतो, नेटवर्क कपॅसिटी फी, २०२४ पर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, त्यात आधी १०० चॅनल होते ते २०२० ला २०० केले, आणि फ्री टू एअर चॅनल त्यातच येतात, त्यांना वेगळे पैसे नाहीत. आता हिशोब करा. बुकेत टाकायच्या चॅनलची सुटी किंमत १९ च्या वर ठेवता येत नाही, म्हणून सगळ्यात महाग धरून चारही मराठी चॅनल घेतले तरी ७६. १३० अधिक ७६ म्हणजे २०६, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २४३. महिन्याला १७७ वाचले, वर्षाला २१२४, आणि सासूबाईंच्या पुठ्ठ्याला धक्का नाही.

एक मात्र विचारून घ्या, २०२४ ला ट्रायने त्या १३० ची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे तुमचा ऑपरेटर तेवढेच लावतो की जास्त ते आधी कळू द्या. आणि "सुटं मिळत नाही मॅडम" असं म्हणणारच, तिथे ठाम राहा.

अजून एक किडा. सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर उलटा करून वाचा, आमच्यावर १२ व्होल्ट १ ॲम्पियर लिहिलंय, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. रिमोटने बंद केला तरी बॉक्स हाताला गरम लागतोच, म्हणजे ओढत असतो. पुरते १२ धरले तर चोवीस तासांनी महिन्याला साडेआठ युनिट होतात. फार नाही पण १०० युनिटची पायरी ओलांडत असाल तर जाणवतं. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा.

---

वायरवाला (नाशिकरोड)

मी स्वतः केबलचं काम करतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. आकडेमोड साहेबांचं गणित बरोबर आहे. सुटं मिळत नाही असं आमच्यातले बरेच जण सांगतात, कारण २०० घरांना २०० वेगळ्या याद्या करत बसायच्या तर माणूस ठेवावा लागतो आणि एकोणीस रुपयांच्या चॅनलमधले साधारण पंधरा कंपनीला जातात, उरलेल्यात वरचा नेटवर्कवाला आणि आम्ही. लोकांना वाटतं ४२० सगळे आमच्या खिशात.

२०१३ ला नाशिकला डिजिटल झालं तेव्हा मी घरोघरी बॉक्स खांद्यावर नेऊन लावलेत. तेव्हा बायका म्हणायच्या, "भाऊ, चित्र चांगलं आहे पण नंबर सगळे बदलले." आज तीच घरं फोन करतात, वायफाय घेतलंय, केबल काढा. काढतो. पण ताईंना दोन गोष्टी सांगतो. एक, प्रीपेड आहे, रिचार्ज संपला की आपोआप बंद होतं, तरीही काढायचंच असेल तर महिना संपायच्या आधी मेसेज करून ठेवा आणि तो मेसेज जपून ठेवा. दुसरं, आमचा बॉक्स दुसऱ्या नेटवर्कवर चालत नाही, त्यामुळे तो ओएलएक्सवर विकायच्या भानगडीत पडू नका, घेणारा शिव्या घालेल.

आणि सासूबाईंचं केबल राहू द्या. हे मी धंद्यासाठी म्हणत नाहीये, इंदिरानगर माझ्या एरियात नाही.

---

लेकबाई

वायरवाला दादा, बाबांनी चहा पाजलेला पोरगा तुमचाच असेल तर त्याला नमस्कार सांगा.

---

खर्चवही

मंडळी, उशीर झाला, महिनाभर गेला यात. सांगते काय झालं ते.

आकडेमोड म्हणाले तसं ऑपरेटरला फोन केला, "सुटं नाही मिळत मॅडम" हेच उत्तर आलं. मग मी म्हटलं ठीक आहे, मग बंदच करा. पाच मिनिटांनी त्याचाच फोन, कुठले चॅनल पाहिजेत ते व्हॉट्सअ‍ॅप करा. आता यादी करायला मी सासूबाईंजवळ बसले. आधी चारही नंबर पाहिजेत म्हणाल्या. मग मी सगळी बिलं समोर ठेवली आणि हिशोब वाचून दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून एकेक कागद स्वतः बघितला. केबलवर काही बोलल्या नाहीत, मोबाइलचं बिल उचलून विचारलं, "हे एवढे कुणाचे?" मिस्टर तेव्हा बाल्कनीत निघून गेले.

शेवटी त्यांनीच दोन चॅनल काढले. एक कधी लावतच नव्हत्या, नंबर लिहून घेतला होता म्हणून होता. दुसरा म्हणे समोरच्या काकूंसाठी, त्या दुपारी येऊन बसायच्या, पण त्या आता मुलाकडे मुंबईला गेल्यात. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे राहिले दोनच, १३० आणि ३८, जीएसटीसकट १९८. आमच्याकडे अजून १३० च लावलेत, ते विचारून घेतलं.

मॅचचं ॲप पण या महिन्यात संपलं, ते भरलं नाही. मिस्टर परवा म्हणाले टीव्हीवर स्पोर्ट्स का नाही दिसत, तर सासूबाई रिमोट हातातून न सोडता म्हणाल्या, "छत्री लाव गच्चीवर." हा धागा त्यांना मी वाचून दाखवला होता. आमच्या गच्चीच्या आग्नेयेला नवीन बिल्डिंग उभी राहतेय, चौथा मजला झालाय, त्यामुळे ते काय ते लवकर ठरवायला लागेल.

पुठ्ठा नवीन केला. दोनच नंबर, मोठ्या अक्षरात.