नवीन रॅम बसवल्यापासून संगणक बंद पडतो : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सीताबर्डीतून घेतलेली ८ जीबी डीडीआर४ ३२०० वेगाची रॅम मी डेस्कटॉपमधील जुन्या ८ जीबी २६६६ वेगाच्या रॅमच्या जोडीला बसवली असून, तेव्हापासून मोठी एक्सेल फाइल उघडली की निळा पडदा येतो, त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असा संदेश दिसतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. दोन्ही पट्ट्या एकेकट्या, दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून लावल्या, तर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकही त्रुटी येत नाही. एकत्र लावल्यावर मात्र लगेच येतात. दुकानदार नागपूरच्या उन्हाला दोष देतात, जे मला पटत नाही. बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना चालणारी मूळ प्रणाली) एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची तयार सेटिंग) बंद असून वेग २६६६ दिसतो. आता रॅमचे टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) हाताने शिथिल करावे, व्होल्टेज १.२ वरून किंचित वाढवावे, की एकाच संचातील जोडी घ्यावी? बायॉस अद्ययावत करून कुणाची अशी अडचण सुटली आहे का?