‘सगळं लो वर टाका’ हा सल्ला देणं आता थांबवा

कर्वेनगर_फ्रेमटाइम

दोन दिवस या पीसी गेमिंगच्या फोरमवर एक पोस्ट फिरतेय, ‘गेम अडकतोय? ही पाच कामं करा, एफपीएस दुप्पट’. एफपीएस म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं. कामं कोणती? एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मॅनेजमेंट ‘प्रेफर मॅक्सिमम परफॉर्मन्स’ करा (म्हणजे कार्ड कायम वरच्या वेगावर), गेममधलं यच्चयावत सगळं लो वर टाका, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर सोडणारं सेटिंग) कायमचं बंद, फ्रेमना मर्यादा अजिबात नको, आणि शेवटी एफपीएस वाढवतो म्हणणारं एक ‘बूस्टर’ सॉफ्टवेअर डाउनलोड करा. खाली सगळे ‘थँक्स भावा’ म्हणून मोकळे झालेत. मला राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा मोठा असला म्हणजे गेम स्मूद चालतोय असं नाही. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. सगळ्या फ्रेम दहा-बारा मिलिसेकंदांत येताहेत आणि मधूनच एखादी ऐंशी खाते, तर सरासरी झकास दिसते, पण माउस फिरवताना हाताला झटका बसतोच. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा आणि ‘एक टक्का लो’ (सगळ्यांत हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा एफपीएस) बघा. रेघ सपाट हवी, बाकी आकडे नंतर.

आता टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या भिंती-वस्तूंवर चढवलेली चित्रं. ज्याच्याकडे १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड आहे त्याने टेक्स्चर लो वर टाकून काय मिळवलं? काहीही नाही. भिंती चिखलासारख्या दिसतात, एफपीएस आहे तिथेच. व्हीरॅममध्ये, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, मावतंय तोवर टेक्स्चर जवळपास फुकट असतं. उलट ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० वर अल्ट्रा टेक्स्चर लावलं, की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो, पीसीआयवरून (कार्ड नि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेवरून) ये-जा करत बसतो आणि दर वळणावर गेम अडकतो. म्हणजे एकच सेटिंग, दोन कार्डांना दोन वेगळे सल्ले. कार्डाचा घाम काढतात त्या गोष्टी वेगळ्याच: शॅडो, व्हॉल्युमेट्रिक धुकं नि ढग, रिफ्लेक्शन, रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब). आधी त्या उतरवा, एकेक करून. बाकीच्यांना हात लावू नका.

आणि जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा (गेमच्या फ्रेमनुसार स्वतःचा वेग बदलणारा) मॉनिटर असेल तर फ्रेमना मर्यादा लावा. १४४ हर्ट्झला (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरला) १४१. जी-सिंक चालू आणि कंट्रोल पॅनलमधलं व्ही-सिंकही चालू. चित्र फाटत नाही, फ्रेम रांगेत तुंबत नाहीत, पंखेही ओरडत नाहीत. ‘बूस्टर’ मात्र कृपा करून टाकू नका. असलं काही इन्स्टॉल करायला सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवता तेच मला कळत नाही.

हिंजवडी_रँक्ड

ती पोस्ट मीच टाकली होती, तेव्हा उत्तर मीच देतो. तू गोष्टीचे गेम खेळतोस, मी व्हॅलोरंट, म्हणजे ऑनलाइन नेमबाजीचा गेम, खेळतो. मला भिंत सुंदर दिसायला नको, कोपऱ्यातून निघणारा माणूस लवकर दिसायला हवा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ३०० एफपीएस चालू असले तर प्रत्येक रिफ्रेशला ताजी फ्रेम मिळते. मॉनिटर दाखवत नाही म्हणून जास्तीच्या फ्रेम वाया जातात, हे ज्यांनी रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळलंच नाही त्यांचं म्हणणं.

आणि प्रेफर मॅक्सिमम परफॉर्मन्सला नावं ठेवतोयस ना, एकदा आकडे बघ. असल्या हलक्या गेममध्ये कार्ड निम्म्यानेही वापरलं जात नाही. मग ते मेगाहर्ट्झ (कामाचा वेग) खाली आणतं, धुमश्चक्री सुरू झाली की पुन्हा वर चढवतं, आणि नेमका तिथेच झटका बसतो. ते सेटिंग ठेवल्यावर माझा झटका गेला. मला पुस्तकी ज्ञान शिकवू नकोस.

कर्वेनगर_फ्रेमटाइम

पॉवरच्या सेटिंगचं हलक्या गेमपुरतं मान्य. पण मग तेवढंच लिहायचं होतंस, तेही त्या एका गेमच्या प्रोफाइलमध्ये लावा म्हणून. तू सगळ्यांना ग्लोबलमध्ये लावायला सांगितलंस. आता लोकांची कार्डं नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही वरच्या मेगाहर्ट्झवर तापत बसतील. आणि सायबरपंकसारखा जड गेम चालवताना कार्ड आधीच ९९ टक्क्यांवर असतं, तिथे या सेटिंगने तसूभरही फरक पडत नाही. पोस्टच्या वर ‘फक्त व्हॅलोरंटसाठी’ असं लिहिलं असतंस तर मी हा धागा काढलाच नसता.

तपकीर_गल्लीचा_शेजारी

मी पीसी जोडून देतो, वर्षानुवर्षं हेच काम. तुम्ही दोघं मिलिसेकंदावर भांडताय आणि माझ्याकडे ‘कार्ड खराब आहे’ म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये बहुतेकदा कार्डाला काहीच झालेलं नसतं. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली असते. कार्ड नुसतं बसून, गेम चालतोय प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच ठेवणारे तर विचारूच नका.

आणि रॅम! डब्यावर ३२०० लिहिलंय, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम डब्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलेलं नाही, त्यामुळे रॅम धावतेय २१३३ किंवा २६६६ वर. वर सोळा जीबीची एकच काडी. आठ-आठच्या दोन घ्या, जोडीने धावतात, म्हणून मी घसा कोरडा करतो, तर ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून एकच नेतात. पुढे कुणी वाढवत नाही. एक टक्का लो सुधारायचाय ना? मग आधी हे करा, कंट्रोल पॅनल नंतर उघडा.

औंध_अपस्केल

एवढा खटाटोप कशाला? डीएलएसएस (लहान चित्र बनवून मोठं करणारं एनव्हीडियाचं तंत्र) क्वालिटीवर ठेवा, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) चालू करा, विषय संपला. २०२६ उजाडलं, नेटिव्ह-नेटिव्ह (मूळ पूर्ण आकाराचं चित्र) काय लावलंय?

कर्वेनगर_फ्रेमटाइम

डीएलएसएस क्वालिटीबद्दल दुमत नाही, मीही वापरतो. फ्रेम जनरेशनचं तसं नाही. मधली फ्रेम बनवायला पुढची फ्रेम हातात यावी लागते, म्हणजे तयार फ्रेम थोडी अडवूनच ठेवावी लागते. ७० चे १२० केलेस तर मजा येईल. ३० चे ६० केलेस तर डोळ्यांना ६० आणि हाताला ३०, त्याहूनही जड. शिवाय एनव्हीडियाचं हे तंत्र ४० च्या मालिकेपासून पुढेच चालतं. ३०६० वाल्यांनी एफएसआर ३ वर (एएमडीचं तसंच तंत्र) भागवायचं, तेही गेमने दिलं असेल तर.

वाघोली_धूळधाण

मुद्दा तापण्याचा निघालाच आहे तर बोलतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर दुपारी गेम उघडायची सोय नाही. ३०६० ची वीज १७० वॅट, प्रोसेसर वेगळा, आणि ती सगळी उष्णता खोलीतच राहते. कार्ड ८३ अंशांच्या आसपास गेलं की स्वतःच मेगाहर्ट्झ उतरवतं आणि आपण म्हणतो ड्रायव्हर बिघडला. मी अंडरव्होल्ट केलं, म्हणजे कार्डाला मिळणारा व्होल्टेज उतरवला. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज-मेगाहर्ट्झचा वक्र उघडायचा, ८७५ मिलिव्होल्टचा बिंदू उचलून हव्या त्या मेगाहर्ट्झवर ठेवायचा आणि त्यापुढची रेघ आडवी करायची. एवढं जमत नसेल तर पॉवर लिमिटची पट्टी ८० टक्क्यांवर ओढा. एफपीएस दोन-चार जातात, तापमान चांगलंच उतरतं.

पण खरा शत्रू दुसराच आहे. ते लाकडी कॉम्प्युटर टेबल आणि त्यातला कॅबिनेट ठेवायचा बंद कप्पा! तीन बाजूंनी फळ्या, मागे वायरींपुरतं भोक. कार्डाने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढतं. असलं टेबल बनवणाऱ्याला आणि त्यात गेमिंग पीसी कोंबणाऱ्याला, दोघांनाही काही कळत नाही.

सहकारनगरच्या_काकू

मी गेम खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. त्यानेच हा धागा दाखवला, म्हणून लिहिते. ते टेबल आमच्याकडे आहे आणि मशीन त्या कप्प्यातच आहे. मीच ठेवायला लावलं. रोज फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते, खाली ठेवलं तर पाणी जाईल. घरात मांजर आहे. रस्त्याची कामं चालू, धूळ किती येते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. काही कळत नाही म्हणे! घर चालवायला काय लागतं ते तुला कळतं का रे बाळा?

वाघोली_धूळधाण

काकू, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण मुद्दा सोडणार नाही. कप्प्यात धूळ कमी जात नाही, जास्त साचते. हवा अडली की पंखे जोरात फिरतात, खालची धूळ ओढतात आणि ती बाहेर पडायला वाटच नसते. तुमच्या कॅबिनेटची बाजूची काच काढून कार्डाच्या पंख्यांमागच्या पत्र्यांत बघा. राखाडी नमदा बसलेला असेल.

हिंजवडी_रँक्ड

झालं, सेटिंगचा धागा आता फर्निचरचा झाला.

तपकीर_गल्लीचा_शेजारी

होऊ दे. टेबलाचं वाघोलीकर बरोबर बोलतोय, बोलायची पद्धत मात्र चुकीची. काकू, दर दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून, वायर काढून, गॅलरीत नेऊन ब्लोअर मारायला सांगा मुलाला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर ते वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग जातं. ओलं फडकं आत अजिबात नाही. कॅबिनेटच्या जाळीवरचा फिल्टर मात्र पाण्याखाली धुवायचा, पूर्ण वाळल्यावरच लावायचा.

वाघोली_धूळधाण

आणि कार्ड जुनं असेल तर चिपची उष्णता पुढे नेणारी आतली थर्मल पेस्ट बदला.

तपकीर_गल्लीचा_शेजारी

घरी नको! वॉरंटी आहे का ते आधी बघायचं. पेस्ट बदलताना थर्मल पॅड (मेमरीची उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाडून आणलेली कार्डं माझ्याकडे येतात, मग मेमरी तापते आणि स्क्रीनवर रंगीत चौकोन. व्हिडिओ बघून शस्त्रक्रिया करू नका रे.

सहकारनगरच्या_काकू

मुलाने काच काढून दाखवली. नमदा आहे, नाही म्हणत नाही. सुतार बोलावून कप्प्याची मागची फळी काढून टाकते, बाजूचीही हवी तर काढीन. पण मशीन जमिनीवर येणार नाही, ते मी चालू देणार नाही. मागे भिंतीपासून किती जागा सोडायची ते सांगा.

कर्वेनगर_फ्रेमटाइम

वीतभर सोडा काकू, आणि समोरचं दार असेल तर तेही काढा, हवा पुढूनच आत येते. मुलाला सांगा, फळी काढायच्या आधी आणि नंतर एकाच गेममधल्या एकाच जागी वीस मिनिटं खेळून तापमान आणि एक टक्का लो लिहून ठेव. तेवढं इथे टाकलं तर बऱ्याच जणांना उपयोग होईल. आणि गेम नवीन असेल तर सुरुवातीला ‘शेडर कंपाइल होताहेत’ (गेम चित्र काढायचे छोटे प्रोग्राम कार्डासाठी तयार करतोय) असं येतं, ते पूर्ण होऊ दे. मध्येच सोडून खेळायला लागला की पहिला तास गचके बसतात आणि दोष कार्डाला जातो. ड्रायव्हर अपडेट केला की तो प्रकार पुन्हा होतो, घाबरायचं नाही.

हिंजवडी_रँक्ड

बूस्टरची ओळ मी पोस्टमधून काढतोय, आणि पॉवरचं सेटिंग त्या-त्या गेमच्या प्रोफाइलमध्ये लावा असंही लिहितोय. रँक्डमध्ये मर्यादा लावणार नाही म्हणजे नाही. त्यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढ, मी येतो.