वजन जास्त नाही, तरी पीसीओएस. व्यायाम-आहार नेमका कसा ठेवावा?

नमस्कार. पीसीओएसवरचे, म्हणजे अंडाशयांशी निगडित हार्मोनच्या बिघाडावरचे, जुने धागे चाळले. जवळजवळ सगळे 'वजन कसं उतरवलं' याच प्रश्नाभोवती फिरतात आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय, म्हणून हा वेगळा धागा.

वय तिशीच्या अलीकडे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२ च्या आसपास, म्हणजे नॉर्मलच. पाळी पहिल्यापासूनच अनियमित, दीड-दोन महिन्यांनी येणारी. हनुवटीखाली राठ केस येतात. खिडकीच्या उजेडात आरसा धरून चिमट्याने उपटायचे, की चार दिवसांत बोट फिरवलं तर पुन्हा खुंट लागतातच. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) दिसले. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, पीसीओएस आहे, व्यायाम करा, खाण्यावर लक्ष द्या, थोडं वजन उतरलं तर बरंच. कुठून उतरवायचं हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक मारून झाली होती.

मग जे सगळे करतात तेच केलं. रात्रीचं जेवण बंद, दूध बंद, ग्लुटेन बंद, भात दिसला की तोंड फिरवायचं, आणि रोज भरपूर चालणं. वजन उतरलं खरं, पण पाळी आणखी लांबली. आता तीन महिने होत आले तरी पत्ता नाही. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आहे. डोक्यावरचे केस विंचरताना पुंजक्याने हातात येतात आणि सारखी थंडी वाजते.

नेटवर प्रत्येकाचं तंत्र निराळं. एक म्हणते धावू नका, कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) वाढतो. दुसरी म्हणते वजनं उचलू नका, आधीच टेस्टोस्टेरॉन जास्त, दाढी येईल. तिसरीला फळंसुद्धा चालत नाहीत. माझ्यासारख्या अंगकाठीच्या कुणी असाल तर काय खाल्लंत, कोणता व्यायाम केलात आणि फरक पडतोय हे कशावरून ओळखलंत, ते सांगाल का? काट्यावरचा आकडा मला तरी काही सांगत नाहीये. जाणकारांनीही मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
सेम पिंच. वाचते आहे.

प्रतिसाद:
मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं या दुखण्याशी घरोबा आहे. ताई, तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात खटकलं ते शेवटचं: डाएटनंतर पाळी लांबली, केस गळायला लागले, थंडी वाजते. खर्चाच्या मानाने शरीराला अन्न कमी पडलं की मेंदूकडून अंडाशयांना जाणारे संदेशच मंदावतात आणि पाळी लांबते किंवा बंद पडते. त्याचं कारण पीसीओएस नसतं, उपासमार असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, अशा बायकांच्या सोनोग्राफीतही कधी कधी फॉलिकल भरपूर असतात. त्यामुळे 'पाळी येत नाही' एवढंच सांगू नका, काय आधी झालं आणि काय नंतर, तो क्रम सांगा. तुमच्या राठ केसांवरून पीसीओएस असेलही, पण त्यावर हे दुसरं येऊन बसलं नाही ना, हे पाहायला हवं.

वजन कमी करण्याचा सल्ला आला कुठून, तेही सांगते. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात ते ५ ते १० टक्के घटलं तरी अंडं तयार होणं सुधारू शकतं. हे खरंच आहे, पण मग तोच सल्ला सगळ्यांना सरसकट वाटला जातो. बीएमआय २२ असताना वजन घटवायला सांगणं मला तरी पटत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत व्यायाम आणि चांगला आहार सगळ्यांनाच सांगितलाय, वजन घटो वा न घटो. आणि अमुक एकच आहार पीसीओएसला सरस, असंही कुठे सिद्ध झालेलं नाही. दूध-ग्लुटेनने तुम्हाला त्रास होत नसेल तर खुशाल परत सुरू करा.

बारीक बायकांनाही इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं, असू शकतो. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की अंडाशय अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन) जास्त बनवतात, शिवाय यकृतात त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी तयार होतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीचे केस त्याचेच. म्हणून साखर कमी हवी, भूक मारायला नको. मी तीन वेळा पोटभर जेवते. प्रत्येक जेवणात प्रथिनं (कडधान्यं, अंडी, दही, जे पचेल ते), भरपूर भाजी आणि शक्यतो कोंड्यासकट धान्य. गोड पेयं मात्र पूर्ण सोडली. फळं चावून खाते, रस काढून पीत नाही. एवढंच.

साखरेची तपासणी झाली नसेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती करून घ्या. उपाशीपोटीची साखर नॉर्मल येऊनही या तपासणीत बिघाड सापडू शकतो.

आणि पाळी तीन महिन्यांच्या पुढे लांबवत ठेवू नका. गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत राहतं, वर्षानुवर्षं असंच चाललं तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. गोळी देऊन ते पाडता येतं. डाएट करून बघू, महिनाभर थांबू, असं करू नका. याच आठवड्यात दाखवा.

प्रतिसाद:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी फिटनेस ट्रेनर आहे, त्यामुळे फक्त व्यायामाचं बोलते.

वजनं उचलून दाढी येत नाही. हे एकदा लिहून भिंतीवर लावायला पाहिजे. व्यायाम करताना कॉर्टिसोल सगळ्यांचाच तात्पुरता वाढतो आणि नंतर उतरतो, त्यासाठी धावणं सोडायची गरज नाही. रोज उपाशी राहून दोन-दोन तास घाम गाळणं, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तुम्ही आधी खाणं वाढवा, पाळीचं मार्गी लागू द्या, तोवर व्यायाम बेताचाच ठेवा.

एरवीचं माप आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढा, किंवा ७५ मिनिटं जोराचा. शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, मध्ये निदान एक दिवस सोडून. नुसतं चालणाऱ्या बायका हा दुसरा भाग टाळतात, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यानंतर एखाद-दोन दिवस इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. म्हणूनच सगळा व्यायाम रविवारी उरकून चालत नाही.

सुरुवात खुर्चीपासून करा. काठावर बसा, हात छातीशी, आधार न घेता उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. धप्पकन बसलात तर ते मोजायचं नाही. सोपं वाटू लागलं की हातात वजन घ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण गुडघे आत वळता कामा नयेत.

धागाकर्ती:
खूप आभार. उपासमारीकडे बोट कुणीच दाखवलं नव्हतं. परवाची अपॉइंटमेंट घेतली आहे आणि क्रम लिहून काढलाय. दोन शंका: ट्रेनरताई, व्यायाम रिकाम्या पोटी करायचा की खाऊन? आणि काट्यावर नाही बघायचं तर बघायचं कशात?

प्रतिसाद:
खाऊनच. रिकाम्या पोटी केल्याने पीसीओएसला काही खास फायदा होत नाही आणि तुमच्या बाबतीत तर नकोच. बघायचं म्हणाल तर पाळीच्या तारखा, कमरेचा घेर, साखर आणि कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट, झोप, आणि मागच्या महिन्यात जड जाणारं वजन आता कसं वाटतं ते. हनुवटीवर मात्र नजर ठेवून बसू नका, ती सगळ्यात शेवटी ऐकते. औषध सुरू केलं तरी केसांत फरक दिसायला निदान सहा महिने लागतात. फार त्रास होत असेल तर परवा लेझरचंही विचारून या.