प्रतिसाद: भाषणं घरी बसून दिसतात, मग जायचं कशाला?

'रेकॉर्डिंग यूट्यूबवर येतंच, मग सुट्टी टाकून, पदरचे पैसे घालून डिझाइनच्या परिषदेला कशाला जायचं?' हा वरचा प्रश्न भाषणांपुरता बरोबर आहे. मी पवईला आयआयटीत टायपोग्राफी डे या अक्षररचनेवरच्या परिषदेला गेलो होतो (२००८ साली तिथल्याच आयडीसी या डिझाइन विभागात सुरू झालेली). तिथलं एकही भाषण आता धड आठवत नाही. आठवतात ते चहाच्या रांगेतले काका. माझ्या लोगोच्या प्रिंटवर बोट ठेवून म्हणाले, "'कीर्ती'तला रफार वेलांटीत घुसलाय, बघ." सहा महिने मला ते दिसलं नव्हतं! रोमन अक्षरांवर बोलणारे पायलीला पन्नास मिळतात, देवनागरीचं असं सांगणारा विरळाच. तेव्हा काम टॅबवर नको, छापूनच न्या. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा मात्र घरीच राहू दे.